दुकानात दोन इंच, घरात पाऊण फूट

लोच मासे पाळायचं मनात आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा टाकीचा असतो: आहे ती चालेल ना? ज्या मामा-भाचीचा वाद मी ऐकला, त्यातल्या भाचीचाही तोच होता. तिच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी रिकामी होती आणि तिला तीत क्लाउन लोच सोडायचे होते. सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांतला हा मासा. केशरी अंगावर तीन रुंद काळे पट्टे, तांबडे पर, तोंडाशी बारीक मिशा, आणि पाच-सहा जण एकत्र असले की दिवसभर एकमेकांच्या मागे हिंडणं. दुकानात त्याच्यासमोर उभं राहिलेलं माणूस सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. भाची स्थापत्य अभियंता. मामा कोल्हापूरचे, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि लोचच्या बाबतीत कडक. त्यांचा वाद लिहून ठेवावासा वाटला, कारण दुकानात हा वाद कोणी घालत नाही. तिथे पाच मिनिटांत पिशवी बांधून मिळते.

भाची : मामा, मी बघितलेले मासे जेमतेम दोन इंचांचे होते. माझ्या टाकीत असे सहा सोडले तर शोधावे लागतील. तुम्ही नाही कशाला म्हणता?

मामा : तू बघितलंस ते पिल्लू. टाकीत नीट वाढलेला क्लाउन लोच आठ-दहा इंचांचा होतो, नदीत फूटभरही होतो. आणि जगतो वीस वर्षं, काही त्याहून जास्त. टाकी मोठ्या झालेल्या माशाला मोजून घ्यायची.

भाची : मोजूनच सांगते. टाकी काठोकाठ भरली तर साधारण १९० लिटर, म्हणजे ५० गॅलन. जुना नियम आहे, एका गॅलनला एक इंच मासा. सहा मासे आठ-आठ इंचांचे झाले तरी ४८ इंच. बसतात.

मामा : हाच नियम लोचला बुडवतो. दोन इंचांचा मासा आठ इंचांचा झाला म्हणजे लांबी चौपट झाली, जाडी चौपट, उंचीही चौपट. वजन किती झालं?

भाची : चौसष्ट पट.

मामा : आणि तुझा नियम त्याला चौपट समजतो. मोठा मासा वजनाच्या मानाने थोडा कमी खातो हे खरं, त्यामुळे घाण बरोबर चौसष्ट पट होणार नाही. पण चौपटीच्या जवळपासही राहणार नाही. निऑन टेट्रा, गप्पी अशा दीड इंचाच्या सडपातळ माशांसाठी तो नियम अंदाजाला ठीक आहे. आठ इंचांच्या भरीव माशाला तो लावायचाच नाही.

भाची : दुकानदार तर म्हणाला की मासा टाकीएवढाच वाढतो. छोटी टाकी असेल तर तो छोटाच राहील.

मामा : खुरटतो, असं म्हण. कोंडलेल्या पाण्यात घाण साठते, त्या पाण्यात राहून वाढ अडते. दुखणाइताची वाढ थांबली तर त्याने खोलीशी जुळवून घेतलं असं आपण म्हणतो का? ज्याने दहा इंच व्हायचं तो तीन वर्षांनी चार इंचांवर थांबला आणि पाचव्या वर्षी मेला, तर दुकानदाराला ते दिसत नाही. तो नवी जोडी विकतो.

दुकानदाराच्या या वाक्याबद्दल मलाही काही म्हणायचं आहे. ते जवळपास प्रत्येक मत्स्यप्रेमीने ऐकलेलं असतं, आणि ते टिकून राहतं कारण ते दोघांच्याही सोयीचं आहे. विकणाऱ्याचा माल जातो, घेणाऱ्याला मोठी टाकी घ्यावी लागत नाही. क्लाउन लोच हळू वाढतो, म्हणून पहिली एक-दोन वर्षं ते खरंही वाटतं.

भाचीने मात्र हार मानली नाही. तिचा पुढचा मुद्दा मला जास्त वजनदार वाटला.

भाची : तुम्ही म्हणता घाण साठते. मग घाण काढूया. दुप्पट ताकदीचा कॅनिस्टर फिल्टर लावते, दर आठवड्याला निम्मं पाणी बदलते. सहा फुटी टाकी घेऊन महिनोन्महिने पाणी न बदलणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या माशांपेक्षा माझे मासे सुखात राहतील.

मामा : त्या लोकांपेक्षा नक्की राहतील. निगा नसेल तर लिटर कामाचे नाहीत, हे मी मान्य करतो. पण फिल्टर काय करतो ते बघ. त्यातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट पाण्यातच राहतं, ते पाणी बदलूनच जातं. ते तू बदलशील. मग दहा इंचांच्या सहा माशांना वळायला, धावायला, एकमेकांपासून लांब जायला जागा कुठला फिल्टर देणार? दीड फूट रुंदीत दहा इंचांचा मासा वळतो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना काच असते. आणि रात्री वीज गेली तर? फिल्टर बंद, हवा बंद. थोडं पाणी आणि भरपूर मासे असले की प्राणवायू लवकर संपतो. पुण्याच्या डिसेंबरात हीटर बंद पडला तर छोटी टाकी लवकर गार पडते, आणि क्लाउन लोचला २५ ते ३० अंश लागतात. मोठं पाणी चूक सावरायला वेळ देतं.

भाची : तो वेळ बॅटरीवरचा एअर पंपही देतो. आणि मासे लहान आहेत तोवर तीन फुटी टाकी, मोठे होतील तेव्हा मोठी. शिवाय ते हळू वाढतात.

मामा : मोठी म्हणजे किती, ठाऊक आहे? सहा प्रौढ क्लाउन लोचला सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. याच्या खाली मी जात नाही.

इथे भाची गप्प झाली आणि कागद घेऊन हिशेब करू लागली. तिने तो मोठ्याने वाचला तेव्हा वादाची दिशाच बदलली.

भाची : चोवीस घनफूट. पाणीच ६८० लिटर, म्हणजे ६८० किलो. काच, वाळू, दगड, लोखंडी स्टँड धरून नऊशे किलोच्या आसपास. आम्ही घरातल्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो लाइव्ह लोड धरून डिझाइन करतो. दोन फूट खोल पाण्याचाच भार चौरस मीटरला ६१० किलो होतो. याचा अर्थ टाकी ठेवली की स्लॅब खाली येईल असा नाही. तो आकडा सगळ्या खोलीभर पसरलेल्या भाराचा असतो आणि आपण टाकी एका कडेला ठेवतो. बीमच्या वर, भिंतीला लागून ठेवली तर बऱ्याच इमारती ती पेलतील. पण बीम कुठून जातो ते ड्रॉइंगमध्ये बघितल्याशिवाय मी ठेवणार नाही, आणि भाड्याच्या घरात हे ड्रॉइंग मिळत नाही. म्हणजे मोठी टाकी नंतर घेऊ असं मी म्हणते, ती माझ्या घरात येईलच असं मला स्वतःला सांगता येत नाही.

मामा : हेच मी तासभर सांगतोय.

भाची : नाही मामा, तुम्ही वेगळं सांगताय. तुमच्या हिशेबाने क्लाउन लोच फक्त बंगलेवाल्यांनी पाळायचे. फ्लॅटमधल्या माणसाने काचेला नाक लावून बघायचं. मी लहानपणी तुमच्याकडे टाकी बघितली म्हणून मला माशांचं वेड लागलं. नियम इतके कडक केले तर पुढच्या मुलांना ते लागणार कुठून?

मामा : क्लाउन लोच नको म्हणालो. लोच नको असं कधी म्हणालो?

मामांच्या म्हणण्याचा गाभा मला इथे सापडतो. टाकी कुठली चालेल असं विचारण्याऐवजी, जी टाकी माझं घर वीस वर्षं पेलेल तीत कुठला लोच सुखाने म्हातारा होईल, असं विचारायचं. आणि लोचच्या जगात निवड भरपूर आहे. दोन-अडीच फुटी टाकीत कुल्ही लोच छान राहतात: चार इंचांच्या आतले, सापासारखे बारीक, पिवळसर अंगावर तपकिरी पट्टे. ते वाळूत तोंड घालून शोधत फिरतात. त्यांना मऊ, बारीक वाळू हवी. धारदार खडी असेल तर मिशा झिजतात, पोट खरचटतं. तीन फुटी टाकीत थायलंडचा ड्वार्फ चेन लोच राहतो. जेमतेम दोन-सव्वादोन इंचांचा, आणि बाकीचे लोच तळाशी असताना हा मधल्या पाण्यातही झुंडीने पोहतो. चार फुटी टाकी असेल तर उत्तर भारतातला यो-यो लोच. तो पाच इंचांपर्यंत जातो, धीट असतो, आणि माणूस जवळ आलं की काचेशी येतो. भाचीच्या चेहऱ्यावरून तिचं मन कुठे वळलं ते कळत होतं.

भाची : यो-यो आपल्याकडे सहज मिळतात. तीन फुटी टाकीत एक जोडी ठेवते.

मामा : जोडी नको. आपल्याकडे माशांचा भाव जोडीवर सांगतात, म्हणून सगळ्यांच्या डोक्यात दोनच येतात. लोचला दोन हा सगळ्यात वाईट आकडा. त्यांच्यात वरखाली असतं. दोघांत जो वरचढ असतो तो दिवसभर दुसऱ्याचा पिच्छा पुरवतो. तो दुसरा लाकडाखाली बसतो, खायला येत नाही, वाळत जातो. पाच-सहा असले की तीच मारामारी सगळ्यांत वाटली जाते, कोणा एकावर येत नाही. भांडताना त्यांचा रंग फिका पडतो, मग पुन्हा येतो. घाबरायचं नाही, ते त्यांचं रोजचं आहे.

भाची : पण सहा म्हटले की मोठी टाकी आली. तुमचे दोन नियम मिळून माणसाला कोपऱ्यात ढकलतात. जास्त मासे ठेवा म्हणता, आणि जास्त मासे म्हणून जास्त जागा द्या म्हणता.

मामा : बरोबर आहे, ढकलतात. लोच तसाच आहे. तुला एकटा मासा हवा असेल तर फायटर ठेव, तो एकटाच बरा असतो. लोच ठेवायचा म्हणजे टोळी ठेवायची. टोळी असली की ते एकमेकांवर रेलून झोपतात, कधी आडवे, कधी दगडाच्या फटीत उलटे. नवीन माणसाला वाटतं मेला. खायला टाकलं की टकटक आवाज करतात, काचेबाहेरही ऐकू येतो. हे दोन माशांत दिसत नाही. जे बघायला तू लोच आणतेस तेच दिसणार नसेल तर आणायचे कशाला?

मला वाटतं, भाचीची हरकत बरोबर आहे आणि तरीही मामांचं उत्तर मान्य करावं लागतं. लिटरचा हिशेब एका माशावर करून त्याला सहाने गुणलं तर टाकी अवाढव्य निघते. प्रत्यक्षात टोळीला सामायिक जागा चालते, पण तळाची. लोच मुख्यतः तळावर जगतो. म्हणून उंच, अरुंद, शोभेची टाकी त्याच्या उपयोगाची नाही. तेवढंच पाणी आडवं पसरलं तर त्याला दुप्पट घर मिळतं. चार फूट बाय दीड फूट तळ, दीड फूट उंची, म्हणजे साधारण २५५ लिटर. त्यात सहा यो-यो नीट राहतात. शिवाय जितके मासे त्याहून जास्त लपायच्या जागा: ड्रिफ्टवुड, गुळगुळीत गोटे, नारळाच्या करवंट्या, पीव्हीसी पाइपचे तुकडे. पाइपचा तुकडा दिसायला साधा, पण लोचला तो सगळ्यात आवडतो. आश्रय भरपूर असला की मासे बाहेर जास्त दिसतात.

वरच्या पाण्यात कोण, हे दोघांनी झटकन मिटवलं. डॅनिओ, रासबोरा, चपळ बार्ब चालतील. फायटर, एंजल, शेपटीवाले गप्पी नकोत, कारण यो-यो लांब पर कुरतडतो. गोल्डफिशला गार पाणी मानवतं आणि तो घाण खूप करतो, त्यामुळे तोही नको. छोट्या शोभेच्या कोळंब्या लोचच्या तोंडी पडतात. गोगलगाई तर लोच मन लावून संपवतात. तेवढ्याच कामासाठी एक लोच आणून ठेवणारे आहेत, आणि गोगलगाई संपल्यावर एकटा राहिलेला तो मासा कोपऱ्यात बसून असतो.

मग भाचीने असा विषय काढला, ज्यावर दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

भाची : मामा, आपल्याच नद्यांतला एक लोच आहे ना? झेब्रा लोच. तीन-साडेतीन इंचांचा, अंगभर बारीक पट्टे. माझ्या आहे त्या तीन फुटी टाकीत सहा राहतील. परदेशी मासा हवाच कशाला?

मामा : आहे. बोटिया स्ट्रायाटा. नारायण राव यांनी १९२० मध्ये तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातल्या तुंगा नदीतून त्याची नोंद केली. सह्याद्रीतून पूर्वेला वाहणाऱ्या नद्यांचा तो मासा, कृष्णेच्या खोऱ्यातला. आमच्या पंचगंगेतही होता. जगात दुसरीकडे कुठे नाही. आणि आज तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे. दुकानात येतो त्यातला बराचसा नदीतून पकडलेला असतो. तुझ्या टाकीत सहा आले म्हणजे नदीतून सहाच गेले असं नाही. पकडताना, साठवताना, पाठवताना मेलेले त्यात धर.

भाची : पण त्याला संपवतंय कोण, मामा? पंचगंगेत सांडपाणी येतं, वाळू उपसली जाते, बंधारे होतात. माझ्या टाकीने ती नदी खराब झाली नाही. उलट कोल्हापुरातल्या शंभर मुलांनी हा मासा घरात बघितला, तो आपल्या नदीचा आहे हे त्यांना कळलं, तर त्या नदीसाठी बोलणारी शंभर माणसं तयार होतील. न बघितलेल्या माशासाठी कोणी बोलत नाही.

मामा : बोलतीलही. पण आधी नदीतून काढायचा आणि मग नदीसाठी बोलायचं, हे मला जमत नाही. टाकीत जन्मलेला मिळाला तर मी स्वतः तुला आणून देईन.

भाची : आणि पाळणारेच नसतील तर टाकीत त्याची पैदास करायला शिकणार कोण?

मामांकडे याला उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. इतकं मात्र मी नक्की म्हणेन: जो मासा जगात फक्त आपल्या खोऱ्यात आहे, तो विकत घेताना कुठून आणला हे विचारायलाच हवं, आणि उत्तर नदीतून असं आलं तर हात मागे घ्यावा. भाचीचं नदीबद्दलचं म्हणणं मला पटतं, पण ते काम पंचगंगेच्या काठावर करता येतं, त्यासाठी मासा घरात लागत नाही.

उलट बाजूचा धोका त्याहून मोठा आहे, आणि त्यावर दोघांचं एकमत होतं. टाकीत न मावणारा मासा लोक पुण्य समजून तळ्यात, धरणात सोडतात. काच साफ करायला म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच बाहेर गेला आणि आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. वाढलेला लोच नको झाला तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा, दुकानात परत द्यावा. नदीत कधीच नाही.

भाची : ठरलं मग. तीन फुटी टाकी शेजारच्या मुलाला देते, त्याला कुल्ही लोच हवेत. मी चार फुटी घेते, बीमच्या भिंतीला. सहा यो-यो, वर डॅनिओंचा थवा.

मामा : टाकी आली की लगेच मासे आणू नकोस. चार-सहा आठवडे फिल्टर चालू ठेव, थोडा अमोनिया घालत राहा. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच मासे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला विसरू नकोस. लोचचे खवले अगदी बारीक असतात, औषध त्याला लवकर लागतं. पांढरे ठिपके दिसले तर बाटलीवरचा डोस जसाच्या तसा टाकू नकोस, निम्म्याने सुरुवात कर.

भाची : आणि नवीन मासे आधी वेगळ्या टबमध्ये.

मामा : तीन आठवडे तरी. जाळीने उचलू नकोस. लोचच्या डोळ्याखाली काटा असतो, घाबरला की तो उभा करतो. जाळीत अडकला तर सोडवताना त्याचा डोळा जातो, नाहीतर तुझं बोट कापतं. बरणीत घे, पाण्यासकट. झाकण काचेचं हवं, फट न ठेवता, कारण ते उड्या मारतात. फिल्टरच्या नळीच्या तोंडाला स्पंज लाव. अंगठ्याएवढ्या भोकात शिरतात आणि मागे फिरता येत नाही.

भाची : सहा पुरे ना?

मामा : पाच आणलेस तरी चालतील. दोन आणू नकोस.